नक्कल केली म्हणून काय झाले?

गेल्या वर्षी शहरातील एका प्रदर्शनात माझे तैलचित्र नाकारले गेले. कारण एकच : "ही तर नक्कल!"

नक्कल होती, हे खरेच. व्हेनिसच्या टिशियनने १५१० च्या सुमारास रंगविलेले, निळ्या फुगीर बाहीच्या माणसाचे ते व्यक्तिचित्र. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत. माझ्यापुढे होते पुस्तकातले वीतभर छापील पान. परंतु नक्कल म्हणजे चोरी असे मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

ती बाही मी तीनदा रंगविली. पहिल्या खेपेस निळ्यात पांढरा कालवून सरळ भरली, तर कापडाऐवजी पत्रा दिसू लागला. दुसरीही फसली. मग आमच्या सरांनी सांगितले तसे केले. आधी तपकिरी रंगात नुसती छायाप्रकाशाची मांडणी. ती वाळल्यावर उजेडाचे दाट रंग. आणि शेवटी जवसाच्या तेलात पातळ केलेल्या निळ्याचा पारदर्शक थर. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटे केले तर पुढे रंग तडकतो. (जवसाची चटणी खाऊन वाढलो, पण त्याचे तेल वाळायला इतके दिवस घेते हे ठाऊक नव्हते!) तेव्हा कुठे घडीत सावली शिरली. गालाची सावली काळ्या रंगाने होत नाही, हेही त्याच चित्राने शिकविले.

याच चित्रातली बैठक रेम्ब्राँने १६४० च्या आपल्या आत्मचित्रात घेतली. रूबेन्सने माद्रिदला टिशियनच्या प्रती केल्या. आपल्याकडे जे. जे. स्कूलचे विद्यार्थी १८७२ पासून ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या प्रती करीत होते. त्यांतलेच पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले.

छापील पानावरून केलेली नक्कल अर्धीच, हे मान्य. रंगाची जाडी त्यात दिसत नाही, आणि सोलापुरात मूळ टिशियन कोठून आणणार? म्हणूनच खाली 'टिशियनवरून' असे लिहावे. मी लिहिले होते. अशा प्रतींसाठी प्रदर्शनात वेगळी भिंत ठेवली तर कोणाचे काय बिघडते?

माझे वडील चादरीची डिझाइने काढतात. उमेदवारीत त्यांनी जुनीच डिझाइने ग्राफपेपरवर उतरविली. त्यांना कोणी चोर म्हटले नाही. सध्या मी त्यांनाच समोर बसवून रंगवितो आहे. खांद्यावरच्या चादरीची घडी साधली. नाक मात्र अजून जमत नाही.