पोथी कोणी वाचावी, कोणी सुधारावी?

संगणकाच्या आज्ञावलींची तयार गाठोडी, म्हणजे पॅकेजे, प्रसिद्ध करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो सार्वजनिक की खाजगी हा. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारात संस्थेच्या नावाखालचे पॅकेज प्रथम प्रसिद्ध करताना खाजगीच धरले जाते. ते सर्वांना खुले करायचे तर तसे स्पष्ट सांगावे लागते. साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये, असे आम्हांस वाटते.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त केले. परकीयांपासून ते राखण्याचा हेतू समजण्याजोगा होता. परंतु त्यामुळे मराठी गद्याचा आद्य ठेवा कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकाला मिळाला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदींनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा आपल्या वाङ्मयेतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला.

याउलट १५८४ मध्ये एकनाथांनी पाठभेदांनी मलिन झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत कोणी आपल्या ओव्या घुसडू नयेत असे शेवटी बजावले. वाचण्यास ग्रंथ सर्वांना मोकळा, बदलण्यास मात्र नाही. वाचनाचा हक्क आणि बदलाचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी ओळखले होते. सार्वजनिक पॅकेजाचीही रीत हीच: कोणीही उतरवून घ्यावे, पण त्या नावाने नवी आवृत्ती काढण्याचा अधिकार मोजक्यांनाच.

तिसरा प्रश्न दिलेले परत घेण्याचा. मार्च २०१६ मध्ये नावावरून झालेल्या वादात एका लेखकाने आपली पॅकेजे एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज होते. त्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प अडले. पुढे काढून घेण्यावर निर्बंध आले. ते आम्हांस रास्त वाटतात, कारण प्रसिद्ध झालेल्या गोष्टीवर इतरांचेही काही उभे राहिलेले असते.

श्रीपूरजवळच्या बोरगावावरून तुकोबांची पालखी पंढरीला जाते. त्या वाटेवर ज्यांचे अभंग सर्वांच्या मुखी असतात, त्यांच्या गाथेचे पाठ मात्र अभ्यासक जपून तपासतात. या दोहोंत विरोध नाही. पण आमच्याच कपाटात युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले प्रबंध आहेत, जे तो फॉन्ट नसेल तर निरर्थक खुणांसारखे दिसतात. ही आमची सकळ लिपी. फरक इतकाच की ती कोणी हेतुपूर्वक रचली नाही, आमच्या आळसाने झाली. शिक्षकांनी जमवलेल्या शब्दसूची, बोलीचे नमुने, संहितांच्या टंकप्रती आजही 'नंतर पाहू' म्हणून खाजगी राहतात. व्यक्तींची माहिती असलेली सामग्री खाजगीच ठेवावी. बाकीची युनिकोडमध्ये आणावी, आवृत्तीचा क्रमांक घालावा, संपादकाचे नाव लिहावे आणि वाचकांना खुली करावी. उकल करणारा राजवाडे प्रत्येक पिढीला लाभेलच, असे नाही.