प्रबंध जपला, डेटा हरवला

पीएच.डी.चा प्रबंध मान्य झाला की त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत ‘शोधगंगा’वर जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनी ही प्रत बंधनकारक केली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या या भांडारातले लाखो प्रबंध आज कुणालाही घरबसल्या वाचता येतात. पण ज्या प्रश्नावल्या, मुलाखती, मोजमापे आणि ध्वनिमुद्रणे यांच्या आधारावर प्रबंध उभा राहतो, त्यांचे पुढे काय होते? बहुतेक वेळा तो सारा ऐवज संशोधकाच्या लॅपटॉपवर किंवा विभागातल्या कपाटात पडून राहतो. मार्गदर्शक निवृत्त होतात, विद्यार्थी नोकरीला लागतो, लॅपटॉप बदलतो आणि लोकांनी आपला वेळ देऊन पुरवलेली माहिती नाहीशी होते. ही गळती थांबवण्याचे काम विद्यापीठांनी ग्रंथालयांकडे सोपवले पाहिजे. त्यासाठी लागणारी माणसे आणि अधिकारही त्यांना दिले पाहिजेत.

गळती किती वेगाने होते, याचा अंदाज ‘करंट बायॉलॉजी’त २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासावरून येतो. त्यात २ ते २२ वर्षे जुन्या ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागितला गेला. निबंधाचे वय एका वर्षाने वाढले की डेटा शिल्लक असण्याची शक्यता १७ टक्क्यांनी घटत होती. डेटा हाती राहिला तर काय साधते, हे अर्थशास्त्राने पाहिले आहे. सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेले की आर्थिक वाढ खुंटते, असे कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली मांडले आणि काटकसरीच्या धोरणांना त्याचा आधार मिळाला. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांची मूळ स्प्रेडशीट मिळाली, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटल्याचे दिसले. ही आणि इतर दुरुस्त्या केल्यावर उणे ०.१ टक्के वाटणारा वाढीचा दर २.२ टक्के निघाला. केवळ निबंध वाचून ही चूक कुणाच्या लक्षात आली नसती.

फायली जपायच्या तर संगणक केंद्र आहेच, ग्रंथालय कशाला, असे कुणी विचारेल. पण फाइल टिकली म्हणजे तिचा अर्थ टिकला असे होत नाही. सर्वेक्षणाच्या तक्त्यात घरातल्या माणसांच्या रकान्यात ‘९’ हा आकडा ‘उत्तर दिले नाही’ यासाठी वापरला असेल आणि त्याची नोंद नसेल, तर पुढचा अभ्यासक त्या घरात नऊ माणसे आहेत असे धरून सरासरी काढील. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली मराठी उत्तरे तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन समोर येतात. नुसते ‘पिंपळगाव’ लिहिले तर ते कोणत्या तालुक्यातले, हे कळायला मार्ग नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीचे आणि नंतरचे ‘ठाणे’ एक नव्हे. स्थळ, काळ, कर्ता आणि विषय यांची नेमकी नोंद ठेवणे, एकाच नावाच्या दोन गोष्टींत फरक करणे, जुन्या स्वरूपातला मजकूर नव्या स्वरूपात आणणे, हे ग्रंथपालाचे रोजचे काम आहे. डेटाला हीच शिस्त लागते.

अशी शिस्त पाळली की काय हाती लागते, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांचा संगणकीय संग्रह तयार झाला. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले असल्यामुळे संकलक हयात नसतानाही ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ला तो संग्रह लोकांसमोर आणता आला. मात्र हे काही माणसांच्या चिकाटीमुळे घडले. प्रत्येक संशोधकाला अशी माणसे भेटतीलच असे नाही, म्हणून ती सोय विद्यापीठात कायमची हवी.

यावर गोपनीयतेचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. रुग्णांची, अत्याचारग्रस्त स्त्रियांची किंवा एखाद्या वस्तीतल्या कुटुंबांची माहिती उघडी करता येणार नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. पण जपणे आणि खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावे काढून, परवानगीची अट घालून किंवा ठरावीक काळ बंद ठेवूनही डेटा जपता येतो. आजची स्थिती उलट धोक्याची आहे, कारण तीच संवेदनशील माहिती विनापासवर्ड पेन ड्राइव्हवर फिरते. आपली मेहनत दुसरा कुणी छापील, ही संशोधकांची भीतीही समजण्यासारखी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे निबंध प्रसिद्ध होईपर्यंत डेटा बंद ठेवणे आणि प्रत्येक संचाला ‘डीओआय’ हा कायमचा ओळखक्रमांक देणे. त्यामुळे डेटा कुणाचा आणि तो कधी जमा झाला याचा पुरावा राहतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप मनुष्यबळाचा आहे. रिकाम्या पदांनी वाकलेल्या ग्रंथालयावर हे काम नुसत्या परिपत्रकाने लादले, तर ते कागदावरच राहील. तरी सुरुवातीला मोठा खर्च नाही. ‘डेटाव्हर्स’ ही संगणकप्रणाली मोफत मिळते आणि ‘सर्न’ या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या ‘झेनोडो’ भांडारात एका नोंदीत ५० जीबीपर्यंतचा डेटा विनाशुल्क ठेवता येतो. खर्च आहे तो माणसांचा. नियतकालिके वाचता यावीत म्हणून केंद्राने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेला तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये दिले. जगाचे संशोधन विकत घेण्यासाठी एवढा पैसा उभा राहतो, तर आपले संशोधन सांभाळण्यासाठी प्रत्येक विद्यापीठाला एक प्रशिक्षित डेटा-ग्रंथपाल देणे अशक्य नाही. विद्यापीठांनी दोन नियम करावेत: संशोधनाचा आराखडा मंजूर करतानाच डेटा कसा नोंदवणार आणि कुठे ठेवणार याचे एक पान मागावे, आणि प्रबंध स्वीकारताना डेटा जमा झाल्याची ग्रंथालयाची पावती बघावी. प्रबंधाची प्रत बंधनकारक झाली तेव्हा ‘शोधगंगा’ भरू लागली. डेटाच्या बाबतीतही नियम केल्याशिवाय सवय लागणार नाही.