कर्ज बेळगावचे, वॉरंट कोलकात्याचे!

२०१७ साली महाराष्ट्र सरकारने ३४,००० कोटींची कर्जमाफी जाहीर केली. २०१८ साली कर्नाटक सरकारनेही तेवढ्याच आकड्याचा डंका पिटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, कर्ज थकले म्हणून एका बँकेच्या फिर्यादीवरून बेळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर कोलकात्याच्या न्यायालयातून अटकेची वॉरंटे निघाली! ओरड झाली, तेव्हा कोठे माघारीची भाषा आली. इकडे महाराष्ट्रात कर्जमाफीतून वगळलेल्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आम्ही विचारतो, शेतकऱ्याचा हप्ता चुकला तर वॉरंट. मग सरकारचे वचन चुकले तर काय? दिलेला शब्द ही भीक नव्हे, ते सरकारवरील कर्जच होय. त्याच्या वसुलीसाठी अधिकाऱ्यांना न्यायासनापुढे खेचणाऱ्या शेतकऱ्यामागे कॅम्पापासून निपाणीपर्यंत प्रत्येकाने उभे राहिलेच पाहिजे!