पऱ्हाटी सापडत नाही तेव्हा

आमच्या गावाच्या नावात कंस आहे. आंजी (मोठी). कमांड लाइनवर 'रिपग्रेप'ला हे नाव जसंच्या तसं शोधायला दिलं, तर तो त्या कंसांना अक्षरं मानतच नाही. ती त्याच्या लेखी गट करायची खूण. मग तो बिचारा कंस नसलेली 'आंजी मोठी' शोधत बसतो. एक जादा पर्याय दिला की कंस कंसच राहतो, आणि हे त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलंही आहे. म्हणजे चूक माझी. असो.

पण परवा जे झालं ते कुठल्याही पुस्तिका वाचून टळलं नसतं.

बाबांच्या शेतीच्या वह्या मी टाइप करून ठेवल्यात. थोड्या ऑफिसात, थोड्या घरी, बऱ्याचशा फोनवर. दोन वह्या भाचीने करून दिल्या. धाकट्या भावाचा फोन आला. "२०१७ ला बोंडअळी आली तवा बाबानं पऱ्हाटी कवा उपटली होती रे दादा? पाय बरं जरा." गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला ते हे साल. मी 'ग्रेप'ला 'पऱ्हाटी' शोधायला सांगितलं. त्या सालच्या फायलीतून एक ओळ आली नाही. "त्या वर्षी बाबांनी काही लिहिलेलं नाही," मी सांगून मोकळा.

"असं कसं? बाबाले लिहिताना म्या सोता पायलं!"

फाइल उघडली. पऱ्हाटी समोर होती. एकदा नाही, पाच वेळा.

भानगड 'ऱ्ह'मधल्या त्या अर्ध्या 'र'ची. युनिकोडमध्ये तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त (इनस्क्रिप्ट कीबोर्डावर त्याला स्वतःची कळ आहे). दोन, साधा 'र', खाली नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. ग्रेपला मात्र तीन वेगळे शब्द दिसतात, कारण तो दिलेली अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. फाइलींची नावं शोधणाऱ्या 'फाइंड'चंही तेच. शेवटी मी 'प', मग काहीही, मग 'हाटी' असा नमुना दिला, तेव्हा कुठे सगळ्या ओळी आल्या.

बरं, हे काही एका शब्दापुरतं नाही. वऱ्हाड, शेतकऱ्यांना, दुसऱ्या, बऱ्याच... आमच्याकडचं तर अर्धं बोलणं यात अडकतं.

माझं म्हणणं असं. शोधणाऱ्या प्रोग्रॅमने चूक दाखवली तर माणूस सावध होतो. रिकामा पडदा दाखवला तर विश्वास ठेवतो. मी ठेवला, आणि बाबांनी लिहिलंच नाही असं ठरवून टाकलं. म्हणून या प्रोग्रॅमांमध्ये पुढची सुधारणा वेगाची नको, याची हवी. शोधायच्या आधी दोन्हीकडचा मजकूर एका रूपात आणण्याचा एक पर्याय असावा. त्याने वेग कमी होईल हे मान्य, म्हणून तो मागितला तरच चालू व्हावा.

पण तेवढ्याने भागणार नाही. युनिकोडच्या नियमांनी पहिली दोन रूपं एक होतात, तिसरं न दिसणाऱ्या चिन्हाचं रूप तसंच राहतं. 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' हेही त्या नियमांत वेगळेच. हे मराठी लिहिणाऱ्यालाच कळणार. केन थॉम्प्सन यांनी १९७३ च्या सुमारास ग्रेप लिहिला तेव्हा पऱ्हाटी त्यांच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं, आणि आज तो सांभाळणाऱ्यांनाही ती आपोआप सुचणार नाही.

तुर्की लोकांचं बघा. त्यांच्या भाषेत टिंबाचा 'आय' आणि बिनटिंबाचा 'आय' अशी दोन अक्षरं आहेत. जीएनयू ग्रेपच्या चाचण्यांमध्ये त्यांच्यासाठी खास चाचण्या आहेत. नवीन आवृत्तीत कुणी ते बिघडवलं तर चाचणी लगेच ओरडते. मराठीसाठी अशी चाचणी लिहायला सी भाषा यावी लागत नाही. तीन ओळींची फाइल, तीन तऱ्हांची पऱ्हाटी, आणि एक अपेक्षा: एकदा शोधल्यावर तिन्ही ओळी याव्यात. आज ती चाचणी नापास होईल. होऊ दे. नापास झालेली चाचणी निदान कुणाच्या तरी यादीत राहते. आपण मात्र "कॉम्प्युटरला मराठी येत नाही" म्हणून हात झटकतो.

मी तशी फाइल केली आहे. गावाचं नावही घातलंय त्यात, कंसासकट :)

आणि हो, भावाला परत फोन केला. बाबांनी तारीख लिहिलेली होती. खाली एक ओळ होती, "पऱ्हाटी उपटली. मन लागत नाही." ती ओळ नाहीच असं मी सांगून बसलो होतो.