घरपट्टी भरतो कोण?



1955-56 साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा डाव पडला, तेव्हा शेटजींच्या बाजूचे लोक एकच पालुपद आळवीत होते : मुंबई आमच्या भांडवलावर उभी राहिली, कर आम्ही भरतो, तेव्हा शहरही आमचेच. गिरणगावाने त्याला रस्त्यावर उत्तर दिले. शंभरावर माणसांनी प्राण दिले आणि 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. पण "कर आम्ही भरतो" ही बढाई अजून कानी येते. तिचा हिशेब एकदा मांडूच.

मुंबई महापालिकेचा कायदा 1888 चा. त्याची जुनी रीत अशी : घराला वर्षाचे भाडे किती येईल ते धरायचे, दुरुस्तीपोटी शेकडा 10 वजा करायचे, उरलेल्यावर घरपट्टी. समजा, खोलीचे भाडे महिना 10 रुपये. वर्षाचे झाले 120. त्यातून 12 गेले, राहिले 108. म्हणजे पट्टी मोजली कशावर? तुमच्या-माझ्या भाड्यावर! मालकाच्या नावाची पावती फाटते, एवढेच. वर पट्टी वाढली तर ती भाडेकऱ्याच्या भाड्यात चढवायची मुभा मालकाला 1947 च्या भाडे कायद्याने दिली, 1999 च्या कायद्यानेही ती ठेवली. 1 एप्रिल 2010 पासून भाडे सोडून जागेच्या भांडवली किमतीवर पट्टी धरू लागले. हिशेब बदलला, पैसा यायचा खिसा काही बदलला नाही. 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली खरी. पण तेव्हा महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, हेही ध्यानात ठेवा.

आता हा पैसा खर्च कसा ठरतो? फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आयुक्त बजेट मांडतो. स्थायी समिती त्यात कात्री लावते, भर घालते, मग ते सभागृहापुढे जाते. पुढच्या वर्षाचे कराचे दर 20 मार्चच्या आत सभागृहाने ठरवायचे असतात. सगळा खेळ सहा-सात आठवड्यांचा. चाळीचा नळ, संडास, पोरांची शाळा, केईएममधले औषध, सगळे तिथे ठरते. आपण मोर्चा नेतो मे महिन्यात, नळ कोरडा पडल्यावर. साहेब म्हणतो, तरतूद नाही. खोटे बोलत नाही तो! पगाराच्या चिठ्ठीतली एका रुपयाची कपात आपल्याला दिसते, आणि हे दिसत नाही.

ह्या सभागृहासाठी सर्वांना मत मिळाले ते 1948 साली. त्याआधी भाडे नि कर बघून मत होते. 1957 ला समितीने महापालिका जिंकली, आचार्य दोंदे महापौर झाले, 1958 ला गिरणी कामगारांचे पुढारी मिरजकर त्या खुर्चीत बसले. आणि मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे तिथे एकही नगरसेवक नव्हता. बजेट आयुक्तच मांडी आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करी. 2025-26 चे बजेट 74,427 कोटींचे, तेही असेच. जॉबरनेच हजेरी लावायची आणि त्यानेच तपासायची, तर खाडा कुणाच्या नावावर पडणार?

जानेवारी 2026 मध्ये एकदाची निवडणूक झाली. आता नगरसेवकाला घरी जाऊन गाठा. आपल्या वॉर्डासाठी काय धरलेय त्याची नक्कल मागा, आणि ती चाळीच्या जिन्यात डकवा.