बळाची कसोटी आणि सोबत्यांचा घोष

मनुष्य एकटा असताना जेवढे बळ लावतो, त्याहून अधिक बळ तो चार सोबत्यांसमक्ष लावतो, हा अनुभव तालमीइतकाच जुना आहे. ‘इरेस पेटणे’ हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग याच अनुभवातून उपजला असावा. आज रायपूरच्या शंकर नगरात काय किंवा सांगली-अमरावतीत काय, तरुण मंडळी व्यायामशाळेत जमून वजने उचलतात तेव्हा हीच ईर त्यांच्यात संचारते. कोणी किती उचलले याची चर्चा होते, दांड्यावर आणखी एक चकती चढते आणि प्रत्येकाने आपली शिकस्त करून दाखवावी असा आग्रह सुरू होतो. या आग्रहात हितकर काय आणि अहितकर काय, याचा शास्त्रीय दृष्टीने विचार होणे आवश्यक आहे.

ईर ही केवळ कल्पना नव्हे. इकाई आणि स्टाइनहाउस या दोघा संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कोपरातून हात वाकवून पूर्ण जोराने ओढावयास लावले. ओढण्यापूर्वी काही क्षण पिस्तुलाचा बार काढला असता त्यांचे बळ सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. ओढताना त्यांनी स्वतःच आरोळी ठोकली, तेव्हा ते सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. एवढ्या क्षणात स्नायू जाड झाले नव्हते हे उघड आहे. मेंदूने एरवी राखून ठेवलेले बळ त्या घटकेला मोकळे केले, एवढाच याचा अर्थ.

मात्र सांघिकतेने बळ नेहमी वाढतेच, असेही नाही. फ्रान्समधील कृषि-अभियंता रिंगेलमान याने १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, आठ माणसे मिळून एखादी वस्तू ओढू लागली म्हणजे प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या बळाच्या निम्म्यावर येतो. जेथे प्रत्येकाचे श्रम वेगळे मोजले जात नाहीत, तेथे मनुष्य हात राखून काम करतो. जेथे सर्वांच्या देखत त्याचे एकट्याचे मोजमाप होते, तेथे तो सर्वस्व पणाला लावतो. भारोत्तोलनात प्रत्येकाचा दांडा वेगळा असतो. म्हणून तेथे ईर अधिक भडकते आणि धोकाही तेथेच अधिक.

हा धोका कोणता? सोबत्यांच्या घोषाने मज्जातंतूंवरील आवर सुटतो. परंतु स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा किंवा सांधा बांधून ठेवणारे अस्थिबंध त्या घोषाने तसूभरही बळकट होत नाहीत. नवशिक्याचे बळ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, ते मुख्यतः मज्जातंतूंना वळण लागल्यामुळे. कंडरा मात्र सावकाश पोसते. आवाज मनाला चेतवितो आणि भार सांध्यावर पडतो, असा हा विषम व्यवहार आहे. त्यात श्वास रोखून धरला की रक्तदाबही भयंकर चढतो. कॅनडातील १९८५ सालच्या एका अभ्यासात सरावलेल्या व्यायामपटूंनी पायांनी जड भार लोटला असता त्यांचा रक्तदाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेल्याचे आढळले. निरोगी माणसाचा विश्रांतीतील रक्तदाब १२०/८० च्या आसपास असतो.

सांगलीच्या संकेत सरगर याचे उदाहरण या ठिकाणी आठवते. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो वजन उचलले. सुवर्णपदकासाठी १३९ किलोचा दुसरा प्रयत्न करताना त्याच्या उजव्या कोपरास दुखापत झाली. तशा स्थितीतही तो तिसऱ्यांदा मंचावर आला, पण वजन पेलले नाही. मलेशियाच्या प्रतिस्पर्ध्याने २४९ किलो उचलून अवघ्या एका किलोने सुवर्णपदक जिंकले. संकेतला रौप्यपदक मिळाले. त्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण तो मंच आंतरराष्ट्रीय होता, त्यामागे वर्षांची साधना होती, आणि शिक्षक व वैद्य जवळ होते. सकाळी तासभर व्यायाम करून कचेरी गाठणाऱ्या गृहस्थाने कोणत्या पदकासाठी आपले कोपर पणाला लावावे?

मर्यादा जाणून घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. बळ किती हे कळल्यावाचून व्यायामाची मात्रा ठरत नाही. परंतु ती जाणण्यासाठी शेवटची चकती चढविलीच पाहिजे असे नाही. नेब्रास्का विद्यापीठातील व्यायामशिक्षक बॉइड एपली यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले सूत्र सोपे आहे. पेलणारे वजन शुद्ध रीतीने जितक्या वेळा उचलता येईल त्या संख्येला ३० ने भागावे, त्यात १ मिळवावा आणि येणाऱ्या संख्येने वजनाला गुणावे. ६० किलो पाच वेळा उचलणाऱ्याची मर्यादा सुमारे ७० किलो ठरते. हा अंदाज आहे, आणि आवृत्त्या दहाच्या आत असतील तरच तो विश्वसनीय. तथापि नित्याच्या व्यायामास तो पुरेसा आहे. ज्याला प्रत्यक्ष कसोटीच पाहावयाची असेल, त्याने ती जाणत्या शिक्षकासमोर, अंग तापवून, टप्प्याटप्प्याने वजन वाढवून पाहावी. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्याने आधी वैद्याचा सल्ला घ्यावा.

मग सोबत्यांचे काम काय? त्यांनी आवृत्त्या प्रामाणिकपणे मोजाव्यात, पाठ वाकली तर लगेच सांगावे, बाकावर उताणे पडून भार लोटणाऱ्याच्या उशाशी हात पुढे करून उभे राहावे, आणि कोणी ‘आज एवढे पुरे’ म्हटले तर त्याची थट्टा करू नये. वस्तादाच्या नजरेत शिष्याला थांबविण्याचा अधिकार असे. आता प्रत्येक व्यायामशाळेत वस्ताद भेटेलच असे नाही. म्हणून तो अधिकार सोबत्यांनी एकमेकांना दिला पाहिजे. एका दिवसाच्या विक्रमापेक्षा वीस वर्षे चाललेला व्यायाम शरीराला अधिक उपकारक आहे, आणि त्या वीस वर्षांत सोबत देईल तोच खरा संघ.