निजेला पारखी झालेली घरे

मूल निजले की घर निजते, हा संसाराचा साधा नियम होय. सॅनफिलिपो नावाच्या आनुवंशिक चयापचयविकाराने ग्रासलेल्या मुलांच्या घरी मात्र तो लागू पडत नाही. मध्यरात्री मूल उठून बसते, हसते, पांघरूण चावते, अंधारात घरभर धावते. आणि दिवसा बसल्या जागी पेंगते. आईबापांपैकी एकाला पहाऱ्यावर राहावे लागते, आणि हे वर्षानुवर्षे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे डॉ. सिल्व्हेस्टर सॅनफिलिपो यांनी १९६३ साली या रोगाचे वर्णन केले. हेपरन सल्फेट नावाची दीर्घ शर्करासाखळी तोडणाऱ्या एन्झाइमांपैकी एखादे निकामी असते. ते द्रव्य पेशींत साचते आणि त्याचा मोठा आघात मेंदूवर होतो. निद्रेचे घड्याळही मेंदूतच असल्यामुळे ते बिघडावे यात नवल नाही. आईबाप स्वतः निरोगी, पण दोघेही सदोष जनुकाचे वाहक. त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता ४ मध्ये १.

असे असता नातलग त्या मुलाला लाडावलेले म्हणतात, आणि वर्गात पेंगल्याबद्दल त्याला उभे करणारे गुरुजीही असतात. (आमच्या पूर्वीच्या व्यवसायबंधूंनी हे वाक्य जरा थांबून वाचावे.) ही खोडी नव्हे, व्याधी आहे. नेहमीची झोपेची औषधे येथे पुष्कळदा हात टेकतात. मेलाटोनिनने काहींना आराम पडतो, सर्वांना नाही. शिवाय कानदुखी, दातदुखी किंवा वाढलेल्या टॉन्सिलांमुळे अडणारा श्वास यांचीही तपासणी व्हावयास हवी, कारण यांतील बहुतेक मुलांना आपले दुखणे बोलून सांगता येत नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मीळ रोगांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि २०२२ साली साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविली. आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु हा पैसा उपचारासाठी आहे. मुळावर घाव घालणारे औषध ज्या घराच्या हाताशी नाही, त्या घराच्या जागरणाचा हिशेब कोणत्या खात्यात मांडावयाचा? आमच्या मते, आठवड्यातून दोन रात्री प्रशिक्षित परिचारिका अशा घरी पाठविणे हाही उपचारच समजला पाहिजे. मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणाखालील मान्यताप्राप्त केंद्र आहे. तेथे तपासणीच्या प्रत्येक खेपेस मुलाच्या झोपेची, आणि त्याच्या आईच्याही झोपेची, नोंद घेण्यास प्रारंभ व्हावा. त्यासाठी दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.